मेफ्लॉवरपर्यंत पोहोचणारी वंशावळ खरी की ऐकीव? तपासायची कशी?

प्रश्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचा आहे. त्यांचे यजमान अमेरिकन. यजमानांच्या आजीने टाइप करून ठेवलेली वंशावळ घरात आहे. सगळ्यात वर जॉन हाउलँड, मेफ्लॉवर जहाज, १६२०. म्हणजे इंग्लंडहून येऊन मॅसॅच्युसेट्समधली प्लिमथ वसाहत वसवणाऱ्यांचं जहाज. त्याखाली मॅसॅच्युसेट्समधल्या डार्टमथ गावचे हाउलँड, आणि मग साधारण १७९० साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेली एक हाउलँड मुलगी. तिच्या लेकरांपासून आजीपर्यंतची नावं सलग आहेत. पुरावा म्हणून कागदावर एक ओळही नाही. इंटरनेटवरच्या वंशावळीही हेच सांगतात. ताई विचारतात, मुलांना हे खरं म्हणून सांगू का? आणि तपासायचं तर सुरुवात कुठून करू?

ताई, आधी थेट उत्तर देते. "आजी असं सांगायच्या" इतकंच मुलांना सध्या सांगा. "आपण मेफ्लॉवरवाल्यांचे वंशज" हे एवढ्यात सांगू नका. कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात दोन सांधे कच्चे दिसतात, आणि त्यातला एक तर गावाच्या नावातच उघड दिसतो.

आधी डार्टमथचं बघू. जॉन हाउलँड खरोखरच मेफ्लॉवरवर होता, गव्हर्नर जॉन कार्व्हर यांचा नोकर म्हणून. भर समुद्रात वादळात तो जहाजावरून फेकला गेला आणि लोंबकळणारा दोर हाती लागला म्हणून वाचला, हे त्याच जहाजाने आलेल्या विल्यम ब्रॅडफर्ड यांनी आपल्या वसाहतीच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. मात्र त्याचे दोन भाऊ, आर्थर आणि हेन्री, मागाहून प्लिमथ वसाहतीत आले. ते मेफ्लॉवरवर नव्हते. दोघांची घरं क्वेकर या शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाकडे झुकली आणि त्यापायी त्यांनी दंडही सोसले. हेन्रीच्या वंशजांची मोठी शाखा डार्टमथ भागात वाढली. जॉनची मुलं बहुतेक दुसरीकडे गेली. थोरला जॉन बार्नस्टेबलला, जेबेझ ब्रिस्टलला, आयझॅक मिडलबरोला, आणि जोसेफ प्लिमथलाच राहिला. त्यामुळे "डार्टमथचे हाउलँड" असं दिसलं की या कामातल्या माणसाला पहिली शंका येते ती ही, की ही माणसं हेन्रीची असतील. तसं निघालं तर आडनाव तेच, रक्ताचं नातंही आहे, पण जॉन हा पूर्वज नसून पूर्वजाचा भाऊ ठरतो. आडनावावरून वर चढत गेलेल्या शेकडो वंशावळी इथेच घसरलेल्या आहेत.

तरी निराश होऊ नका. डार्टमथ आणि आसपासच्या घरांत पिढ्यानपिढ्या आपसांत लग्नं झाली. एखाद्या हाउलँडची बायको किंवा आई जॉनच्या मुलीकडची निघू शकते. म्हणून फक्त बापाची ओळ धरून चढू नका, प्रत्येक पिढीतल्या बायकांचं माहेरही शोधा.

आता काम कुठून सुरू करायचं ते. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत घराण्याची नावं एका जागी सापडतात, तशी वही अमेरिकेत कुठेच नाही. तिथे प्रत्येक पिढी वेगळ्या कचेरीत, वेगळ्या प्रकारच्या कागदात पडलेली असते, आणि ती खालून वर चढतच जोडावी लागते. जॉन हाउलँडपासून खाली उतरायला लागलात तर त्याच्या हजारो वंशजांत तुमच्या नावाशी जुळणारं कोणी ना कोणी भेटेलच, आणि मन लगेच मानून मोकळं होईल. मेफ्लॉवरच्या वंशजांच्या संस्थेने प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्या पुराव्यानिशी छापून काढल्या आहेत. संशोधक त्या खंडांना सिल्व्हर बुक्स म्हणतात. म्हणजे वरचं अवघड वाटणारं टोक बरंचसं कोणीतरी करून ठेवलं आहे. तुमचं काम आहे मधल्या काळाचं, अंदाजे १७५० ते १८५०. अमेरिकन वंशावळीत कस लागतो तो इथेच.

आजींपासून १८५० पर्यंत मागे जाणं फारसं कठीण नाही. जन्म-मृत्यूचे दाखले, लग्नाच्या नोंदी आणि जनगणना पुरते. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही आहेत. १८८० मध्ये घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलं आहे, शिवाय आईवडील कुठे जन्मले तेही. १८९० शोधण्यात वेळ घालवू नका, १९२१ च्या आगीत तिची बहुतेक पानं गेली. १८५० ही घरातल्या सगळ्यांची नावं देणारी पहिली केंद्रीय जनगणना, पण तिच्यात नातं लिहिलेलं नाही. एका घरात पन्नाशीचा पुरुष, चाळिशीची बाई आणि पाच मुलं दिसली म्हणून ती बाई त्या मुलांची आई असं गृहीत धरायचं नाही. पहिली बायको बाळंतपणात गेली आणि दुसरी आली, हे त्या काळी घरोघरी घडत होतं. १७९० पासून १८४० पर्यंतच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची वयोगटांनुसार संख्या आहे. त्यांच्यावरून नातं सिद्ध होत नाही. पण अमुक घरात त्या वयाची मुलगी होती की नव्हती, एवढं ताडून बघता येतं.

तुमची १७९० ची मुलगी न्यूयॉर्क राज्यातली, हा दुसरा कच्चा सांधा, आणि तेच खरं दुखणं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगावचे कारकून सतराव्या शतकापासून जन्म, लग्नं, मृत्यू लिहीत होते. न्यूयॉर्क राज्यात सगळीकडे नोंदणी सुरू झाली ती १८८० च्या सुमारास. स्वातंत्र्ययुद्धानंतर न्यू इंग्लंडमधली हजारो कुटुंबं नव्या जमिनीसाठी न्यूयॉर्ककडे गेली, आणि कागदांतून दिसेनाशी झाली. तिचा जन्मदाखला शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही, कारण तो कधी तयारच झाला नव्हता.

मग काय शोधायचं? ती १८५५ पर्यंत जिवंत असेल तर त्या वर्षीची न्यूयॉर्क राज्याची स्वतंत्र जनगणना बघा. तिच्यात प्रत्येकाचं नातं, जन्म कोणत्या परगण्यात झाला आणि या गावात किती वर्षं राहतो, हे तिन्ही विचारलं आहे. परगणा कळला की निम्मं काम झालं, कारण पुढचे सगळे कागद परगण्याच्या कचेरीत असतात.

पुढची पायरी वारसाची. तिच्या वडिलांचं मृत्युपत्र तर शोधाच, पण मृत्युपत्राची प्रत बघून थांबू नका. १८३० पासून न्यूयॉर्कमध्ये मृत्युपत्र सिद्ध करायला येणाऱ्याला सगळ्या कायदेशीर वारसांची नावं आणि ते कुठे राहतात हे अर्जात द्यावं लागे. मृत्युपत्रात बाप "माझ्या मुली" एवढंच म्हणून मोकळा होतो, अर्जात मात्र त्या मुली लग्नानंतरच्या नावांनी, नवऱ्यांसकट आणि गावांसकट येतात. याहून मोलाचे असतात ते तिच्या मूलबाळ नसलेल्या भावाचे किंवा अविवाहित बहिणीचे कागद. असं माणूस गेलं की वारसांत भावंडं येतात, आणि जी भावंडं आधीच वारली त्यांची मुलंही. एका अर्जात तीन पिढ्या सापडलेल्या मी पाहिल्या आहेत. थेट पूर्वजाचे कागद सगळेच चाळतात. त्याच्या निपुत्रिक भावाचे फार थोडे जण उघडतात, आणि माझ्या अनुभवात अडलेलं काम सर्वांत जास्त वेळा तिथेच सुटतं.

तिसरा कागद जमिनीचा. बाप मृत्युपत्र न करता गेला असेल तरी जमीन तर उरतेच, आणि ती विकायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. असं खरेदीखत वाचताना घाई करू नका. सुरुवातीला विकणाऱ्यांची नावं असतात. दोन-तीन भाऊ, मग "अमुक गावचा अमुक आणि त्याची बायको अमुक" अशा जोड्या. मध्येच कुठेतरी ही जमीन त्यांना वडिलांकडून आली असं एक वाक्य असतं. मग चतुःसीमा आणि शेवटी सह्या. बायकोची संमती वेगळी घेतलेली असते, कारण नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा आयुष्यभराचा एक तृतीयांश वाटा कायद्याने राखलेला असे. जिला सही येत नसे तिची निशाणी असते. अशा एका खतातून मुलीचं माहेर, नवरा आणि भावंडं एकदम सिद्ध होतात, कोणाचाही जन्मदाखला नसताना. म्हणून नुसती अनुक्रमणिका बघून पुढे जाऊ नका. तिथे विकणारा म्हणून बहुधा पहिल्या भावाचंच नाव असतं, आणि "व इतर" मध्ये तुमची मुलगी दडलेली असते.

यातलं बरंचसं घरबसल्या करता येतं. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर परगण्यांची खतं आणि वारसाचे कागद लाखोंनी आहेत, आणि तेही फुकट. २०२४ पासून तिथे हस्तलिखित पानांमधला सगळा मजकूर शोधता येतो. पूर्वी अनुक्रमणिकेत नसलेलं नाव हुडकायला एकेक पान चाळावं लागे, आता साक्षीदाराचं आणि शेजाऱ्याचं नावही हाती लागतं. यंत्राचं वाचन चुकतं, त्यामुळे हाउलँड हे आडनाव पाच-सहा प्रकारांनी लिहून बघा. सापडल्यावर मूळ पान स्वतः वाचा, यंत्राने उतरवलेल्या मजकुरावर भिस्त ठेवू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक मोठं दार उघडं आहे, क्वेकरांचं. डार्टमथची ही घरं क्वेकर असतील तर गावच्या मासिक सभेच्या, म्हणजे क्वेकरांच्या स्थानिक मंडळीच्या, वह्यांत जन्म, लग्नं, मृत्यू मिळतील. क्वेकरांच्या लग्नाच्या दाखल्यावर हजर असलेले लोक साक्षीदार म्हणून सह्या करत, आणि जवळचे नातेवाईक त्यात एकत्र दिसतात. त्याहून कामाची गोष्ट अशी की एखादं कुटुंब गाव सोडून गेलं की जुनी सभा नव्या सभेला दाखला पाठवी: हे सदस्य आमच्याकडून तुमच्याकडे येत आहेत. डार्टमथकडचे बरेच क्वेकर न्यूयॉर्कच्या डचेस परगण्यात, नाइन पार्टनर्स भागात गेले. तुमच्या मुलीचे आईवडील त्यांत असतील तर तो दाखला दोन्ही सभांच्या वह्यांत मिळायला हवा. आणि मुलीने पंथाबाहेर लग्न केलं असेल तर सभेने तिला बाहेर काढल्याचा ठराव असेल. त्यात बहुतेक वेळा माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं येतात. तिच्यासाठी तो प्रसंग दुःखाचा असेल, पण तिचं माहेर सांगणारा कदाचित तोच एकमेव कागद उरला असेल. न्यूयॉर्कच्या सभांच्या वह्या पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत, न्यू इंग्लंडच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, अ‍ॅमहर्स्टला. अँसेस्ट्री या संकेतस्थळावरही बऱ्याच दिसतात.

स्वातंत्र्ययुद्धाच्या पेन्शनीच्या फायली मी एरवी सगळ्यात आधी सुचवते. १८३६ च्या कायद्यानंतर सैनिकांच्या विधवांना लग्नाचा पुरावा द्यावा लागे, म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पान फाडून वॉशिंग्टनला पाठवलं, आणि ती पानं आजही फायलींत आहेत. क्वेकर शस्त्र हाती धरत नसत, त्यामुळे हाउलँड बाजूने आशा कमी. तुमच्या मुलीच्या सासऱ्याची फाइल मात्र जरूर शोधा.

आता तारखांबद्दल थोडं, कारण क्वेकर वह्यांत नवखा माणूस इथे हमखास चुकतो. १७५२ पर्यंत इंग्रजी मुलखात नवं वर्ष २५ मार्चला लागे. क्वेकर वारांची आणि महिन्यांची नावं न लिहिता आकडे लिहीत, आणि त्यांचा पहिला महिना तेव्हा मार्च होता. म्हणजे "अकरावा महिना १७१०" हा आपल्या हिशेबाने जानेवारी १७११. एखादा माणूस डिसेंबर १७१० मध्ये वारला आणि त्याच्या मालमत्तेची यादी जानेवारी १७१० मध्ये झाली असं दिसलं तर गोंधळू नका, दोन्ही बरोबर आहेत. स्वतः जॉन हाउलँडची मृत्युतारीख २३ फेब्रुवारी १६७२/७३ अशी दोन वर्षं जोडून लिहितात ती याचसाठी. उतरवून घेताना मूळ नोंद जशीच्या तशी ठेवा, आणि तुमचा हिशेब वेगळ्या ओळीत लिहा.

गाव आणि परगणा यांच्या हद्दीही हलत राहिल्या. डार्टमथ आधी प्लिमथ वसाहतीत होतं. १६८५ मध्ये ब्रिस्टल परगणा झाला, १७८७ मध्ये न्यू बेडफर्ड आणि वेस्टपोर्ट ही गावं डार्टमथमधून वेगळी निघाली. त्यामुळे माणूस त्याच घरात राहूनही कागदांत गाव बदललेला दिसतो. आणि एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं असली की कारकून त्यांना सीनियर आणि ज्युनियर लिहीत. ते बापलेकच असतील असं नाही, काका-पुतणे असतील, किंवा नात्याचेही नसतील. थोरला वारला की कालचा ज्युनियर आजचा सीनियर होई. माणूस ओळखायचा तो बायकोच्या नावावरून, जमिनीच्या चतुःसीमेवरून, शेजाऱ्यांवरून आणि सहीवरून.

हे इतकं काटेकोरपणे का करायचं, त्याचं उत्तर याच हाउलँडच्या घरात आहे. जॉनची बायको एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी, असं वंशज अभिमानाने सांगत, आणि ते छापूनही आलं होतं. ब्रॅडफर्ड यांच्या इतिहासाचं हस्तलिखित स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत बॉस्टनमधून नाहीसं झालं होतं. ते लंडनच्या बिशपच्या फुलम इथल्या ग्रंथालयात आहे हे १८५५ मध्ये ओळखलं गेलं, आणि पुढच्या वर्षी ते छापलं गेलं. त्यात प्रवाशांची यादी आणि त्यांचं पुढे काय झालं हे सगळं होतं. हाउलँडने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. जॉन टिली आणि त्याची बायको पहिल्याच हिवाळ्यात गेले. १६०७ मध्ये इंग्लंडमधल्या हेनलो गावी जिचा बाप्तिस्मा झाला ती ही मुलगी तेरा वर्षांची असताना परक्या किनाऱ्यावर पोरकी झाली होती. गव्हर्नरची लेक म्हणून मिरवण्यापेक्षा ही खरी एलिझाबेथ मला कितीतरी जवळची वाटते. खोटी वंशावळ नेमकं हेच करते, खऱ्या माणसांना त्यांच्या जागेवरून उठवते.

आणि चिकाटीने काय साधतं ते रिचर्ड वॉरनच्या बाबतीत बघा. तोही मेफ्लॉवरचाच. त्याची बायको एलिझाबेथ पाच मुलींना घेऊन १६२३ मध्ये अ‍ॅन जहाजाने मागाहून आली. तिच्या माहेराबद्दल भलतीच नावं फिरत होती. मग २००३ मध्ये हर्टफर्डशरमधल्या ग्रेट ऍमवेल गावच्या ऑगस्टिन वॉकर यांचं १६१३ सालचं मृत्युपत्र प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी आपली मुलगी, रिचर्ड वॉरनची बायको एलिझाबेथ, आणि तिच्या तीन मुली मेरी, अ‍ॅन, सारा यांची नावं घेतली आहेत. प्लिमथच्या कागदांत वॉरनच्या थोरल्या तिघी मेरी, अ‍ॅना, सारा, त्याच क्रमाने. १६१० मध्ये त्याच गावी झालेल्या लग्नाची नोंदही मिळाली. वॉरन आणि एलिझाबेथ ही नावं तेव्हा अनेकांची होती, नुसत्या नावांवरून काही ठरलं नसतं. तीन मुली, त्यांचा क्रम, साल आणि गाव एकत्र जुळले, म्हणून ते मानलं गेलं. तुम्हालाही प्रत्येक पिढीला असंच जुळवायचं आहे.

विकतच्या जुन्या वंशावळींपासून सावध राहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव अँजू नावाच्या माणसाने श्रीमंत घराण्यांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून दिल्या. त्या ग्रंथालयांत राहिल्या, आणि तिथून इंटरनेटवर उतरल्या. एकच चूक दोनशे वंशावळींमध्ये दिसली तरी तो एकच पुरावा, तोही खोटा.

डीएनएबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कोणीतरी सुचवेलच. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी इथे निरुपयोगी आहे. जॉन, आर्थर आणि हेन्री सख्खे भाऊ, तिघांचं वाय एकच, त्यामुळे शाखा ओळखता येणार नाही. साध्या चाचणीतून १६२० पर्यंतही पोहोचता येत नाही. दहा-बारा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचं बहुधा काहीच आपल्यात उरलेलं नसतं. १७९० च्या मुलीपर्यंत मात्र ती उपयोगी पडू शकते. आजी हयात असतील आणि त्यांची तयारी असेल तर चाचणी यजमानांची नको, आजींची करा, त्या दोन पिढ्या जवळ आहेत. त्या मुलीची भावंडं असावीत असं ज्यांच्याबद्दल वाटतं त्यांच्या वंशजांशी जुळणी सापडली तर कागदांना बळ मिळेल. कागदांशिवाय एकट्या जुळणीवर काही ठरवू नका.

एक गोष्ट मनात ठेवा. मी सांगितलेले बहुतेक कागद जमीन असणाऱ्यांचे आहेत. ज्यांच्या जमिनीवर प्लिमथ वसलं ते वॅम्पानोआग लोक, आणि गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकी माणसं, या वह्यांत क्वचितच स्वतःच्या नावाने येतात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे, तीत मालकाचं नाव आणि गुलामांची वयं आहेत, त्यांची नावं बहुतेक नाहीत. शोधताना मृत्युपत्रात एखाद्या गुलामाचं नाव दिसलं तर ते उतरवून ठेवा आणि खुलेपणाने कुठेतरी टाका. कोणाचं तरी कुटुंब तीच एक ओळ शोधत असतं.

तर आता क्रम असा. आजी हयात असतील तर त्यांना गाठा आणि तो कागद कोणाकडून आला, घरात जुनं बायबल, पत्रं, थडग्याचा फोटो काही आहे का ते विचारा, आणि त्या बोलतील ते रेकॉर्ड करा. मग १७९० च्या मुलीचा परगणा नक्की करा, आणि तिथल्या वारसाच्या अर्जांत हाउलँड आडनावाच्या प्रत्येकाची फाइल उघडा, निपुत्रिकांची सगळ्यात आधी. बरोबरीने डचेस परगण्यातल्या क्वेकर सभांच्या वह्यांत डार्टमथहून आलेले दाखले बघा. जॉन आणि हेन्रीचा निकाल त्यानंतर, तोवर सिल्व्हर बुक्स उघडूही नका. जुनं अक्षर लागलं नाही तर पानाचा स्पष्ट फोटो, पानाचा आकडा आणि वहीचं नाव पाठवा, मी वाचून देईन.